ड्राफ्ट : निर्णय कोणाचा, नियम कोणाचा?

'ड्राफ्ट' म्हटले की मराठी वाचकाला एक तर कागदावरचा मसुदा आठवतो, नाही तर बँकेतला डिमांड ड्राफ्ट. अमेरिकेत या शब्दाचा आणखी एक अर्थ घरोघरी ठाऊक असतो, तो म्हणजे लष्करातली सक्तीची भरती. खेळातला ड्राफ्ट या अर्थाच्या जवळचा आहे. व्यावसायिक संघांचे मालक एकत्र बसतात, कॉलेजांतून बाहेर पडणाऱ्या खेळाडूंची यादी समोर ठेवतात आणि ठरलेल्या क्रमाने एकेकाचे नाव घेतात. आदल्या हंगामात तळाला राहिलेल्या संघाला पहिली पाळी मिळते. नाव घेतले गेले की त्या खेळाडूशी बोलणी करण्याचा हक्क त्या एकाच संघाचा.

आपल्याला आयपीएलचा लिलाव परिचयाचा आहे. लिलावात दोन संघ इरेला पेटले की खेळाडूचा भाव चढतो. ड्राफ्टमध्ये दुसरा बोली लावणाराच नसतो. आयपीएलनेही २००८ साली हा प्रकार करून पाहिला होता. एकोणीस वर्षांखालील विश्वचषक जिंकलेल्या मुलांना लिलावात न आणता पाळीपाळीने निवडण्यात आले. दिल्लीच्या संघाने प्रदीप सांगवानला घेतले आणि दिल्लीचाच विराट कोहली बंगळूरकडे गेला. कुठे खेळायला आवडेल, हे त्याला विचारण्याची त्या पद्धतीत सोय नव्हती.

या लेखाचा विषय अमेरिकन फुटबॉल आहे. आपण जगभर पाहतो तो पायाने खेळायचा फुटबॉल नव्हे, तर शिरस्त्राण घालून, लांबट चेंडू हातात घेऊन एकमेकांवर आदळत खेळला जाणारा खेळ. तिथे व्यावसायिक संघात शिरण्याचा रस्ता जवळजवळ संपूर्णपणे कॉलेजातून जातो. कॉलेजचा खेळ ही काही गॅदरिंगमधली हौस नाही. मिशिगन विद्यापीठाच्या स्टेडियममध्ये लाखाहून अधिक प्रेक्षक बसतात. दर हिवाळ्यात, कॉलेजचा हंगाम संपत आला की अमेरिकी वृत्तपत्रांत एकाच साच्याच्या बातम्या येतात : अमुक खेळाडूने शेवटचे वर्ष सोडून ड्राफ्टमध्ये उतरण्याचा 'निर्णय घेतला', तमुकाने परतण्याचा 'निर्णय घेतला'. वीस-एकवीस वर्षांचा मुलगा, जानेवारीच्या मध्याची मुदत आणि पुढच्या आयुष्याचा सवाल.

या बातम्यांतला 'निर्णय' हा शब्द मला नेहमी थोडा खटकतो. कोणत्या वयात, कोणत्या अटींवर आणि कोणत्या दोन वाटांमधून निवड करायची, हे ठरवले कोणी? त्याचा शोध घेत मागे गेले तर शंभर वर्षांचा इतिहास उलगडतो. त्यात एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. खेळाडूची निवड जेव्हा जेव्हा रुंदावली, तेव्हा त्यामागे मालकांचे किंवा विद्यापीठांचे औदार्य क्वचितच होते. बहुतेक वेळा प्रतिस्पर्धी लीग होती किंवा न्यायालय होते. आणि नियम जेव्हा जेव्हा बांधले गेले, तेव्हा ज्याच्यासाठी ते होते तो मुलगा बैठकीत नव्हता.

ग्रँजचा धक्का

आरंभ १९२५ सालापासून करावा लागतो. इलिनॉय विद्यापीठाचा रेड ग्रँज हा त्या काळचा सर्वांत प्रसिद्ध कॉलेज फुटबॉलपटू. सुट्टीत तो व्हीटन गावात बर्फाच्या लाद्या घरोघर पोहोचवण्याचे काम करी. त्या काळी व्यावसायिक फुटबॉलला प्रतिष्ठा नव्हती. कॉलेजचे प्रशिक्षक त्याकडे तुच्छतेने पाहत आणि पैसे घेऊन खेळणे म्हणजे खेळाला बट्टा लावणे, असे उघडपणे म्हणत.

२१ नोव्हेंबर १९२५ रोजी ग्रँज कॉलेजसाठी शेवटचा सामना खेळला. दुसऱ्या दिवशी त्याने शिकागो बेअर्सशी करार केला आणि त्याच आठवड्यात, २६ नोव्हेंबरला, तो बेअर्सकडून मैदानात उतरला. शिकागोत सुमारे ३६,००० प्रेक्षक जमले. व्यावसायिक फुटबॉलने एवढी गर्दी तोवर पाहिली नव्हती. ग्रँजचा व्यवहार पाहणारा सी. सी. पाइल हा चित्रपटगृहाचा मालक. खेळाडूसाठी मालकाशी घासाघीस करणारा एजंट ही जात तिथून रूढ होत गेली. ग्रँजने पदवी पुरी केली नाही. त्याचे प्रशिक्षक बॉब झुप्के यांनी त्याच्या या पावलाला विरोध केला होता. इतर कॉलेजांतूनही गहजब झाला.

पुढच्याच वर्षी, १९२६ मध्ये, एनएफएल या व्यावसायिक लीगने नियम केला : ज्या तुकडीबरोबर खेळाडू कॉलेजात दाखल झाला ती तुकडी पदवीधर होईपर्यंत त्याला कोणत्याही संघाने घेऊ नये. या नियमाची शब्दरचना बारकाईने पाहण्यासारखी आहे. अट खेळाडूच्या पदवीची नाही, तुकडीच्या वर्षाची आहे. मुलाने कॉलेज सोडले, घरी जाऊन शेती केली, तरी थांबायचे ते थांबायचेच. म्हणजे चिंता शिक्षणाची होती असे म्हणता येत नाही. कॉलेजांना आपला खेळाडू चार वर्षे हवा होता आणि लीगला कॉलेजांशी सलोखा हवा होता. खेळाडू घडवण्याचा खर्च कॉलेजे करत होती, प्रसिद्धीही तीच देत होती. लीगला तयार माल मिळत होता.

पहिला निवडलेला, पहिला नाकारणारा

ड्राफ्टची कल्पना बर्ट बेल यांची. ते फिलाडेल्फिया ईगल्सचे मालक. संघ कायम तळाला आणि तिजोरी रिकामी. मिनेसोटाच्या स्टॅन कोस्टका या खेळाडूसाठी ब्रुकलिनच्या संघाशी चढाओढ झाली आणि तो बेल यांच्या हातून निसटला. मे १९३५ मध्ये बेल यांनी मालकांसमोर प्रस्ताव ठेवला की दुबळ्या संघाने आधी निवडावे. प्रस्ताव मान्य झाला. त्यामुळे दुबळ्या संघांना आधार मिळाला हे खरे, पण त्याबरोबर सर्वच मालकांची एका गोष्टीतून सुटका झाली. एका खेळाडूसाठी एकमेकांविरुद्ध पैसे वाढवत नेण्याची गरज उरली नाही.

८ फेब्रुवारी १९३६ रोजी फिलाडेल्फियाच्या रिट्झ-कार्लटन हॉटेलात नऊ संघांचे मालक जमले. नऊ फेऱ्यांत ८१ नावे घेतली गेली. पहिले नाव होते शिकागो विद्यापीठाच्या जे बर्वँगरचे. कॉलेज फुटबॉलमधला सर्वोच्च मान म्हणजे हाइझमन करंडक. तो ज्याला सर्वप्रथम मिळाला तो हाच खेळाडू. ईगल्सला त्याचा खर्च झेपणारा नव्हता, म्हणून त्यांनी त्याच्यावरचा हक्क शिकागो बेअर्सला दिला. बर्वँगरने बेअर्सचे जॉर्ज हॅलस यांच्याकडे दोन वर्षांचे २५,००० डॉलर मागितले, अशी हकिगत सांगितली जाते. सौदा जमला नाही. बर्वँगर रबराच्या वस्तू विकणाऱ्या कंपनीत नोकरीला लागला आणि व्यावसायिक फुटबॉलचा एकही सामना खेळला नाही.

त्या ८१ जणांतले बहुतेक असेच दुसरीकडे गेले. मंदीचा काळ असूनही कॉलेजच्या पदवीला बाजारात किंमत होती आणि फुटबॉलच्या पगाराला फारशी नव्हती. बर्वँगर 'नाही' म्हणू शकला, कारण त्याच्यासमोर पोटापाण्याची दुसरी वाट उघडी होती. हा मुद्दा पुढे पुन्हा लागणार आहे.

काहींच्या वाट्याला मात्र प्रश्नच आला नाही. १९३४ ते १९४५ या काळात एनएफएलमध्ये एकही कृष्णवर्णीय खेळाडू नव्हता. लॉस एंजेलिसच्या यूसीएलए विद्यापीठाचा केनी वॉशिंग्टन हा १९३९ च्या हंगामात देशातल्या उत्तम खेळाडूंपैकी एक होता. पुढे बेसबॉलमधली वर्णभेदाची भिंत पाडणारा जॅकी रॉबिन्सन त्याच संघात होता. ड्राफ्टमध्ये वॉशिंग्टनचे नाव कोणी घेतले नाही. तो एनएफएलमध्ये आला तो १९४६ साली, गुडघे झिजल्यावर. ड्राफ्टमध्ये निवडला गेलेला पहिला कृष्णवर्णीय खेळाडू जॉर्ज टॅलिफेरो, आणि साल होते १९४९. आज एनएफएलमधले निम्म्याहून अधिक खेळाडू कृष्णवर्णीय आहेत. त्यामुळे कॉलेजात बिनपगारी खेळण्याच्या नियमाचा भार गेल्या अर्धशतकात कोणाच्या खांद्यावर जास्त पडला, हे वेगळे सांगायला नको.

'विद्यार्थी-खेळाडू' या शब्दाची गरज

कॉलेजच्या बाजूची व्यवस्था एनसीएए ही संस्था पाहते. तिचे अनेक वर्षांचे कार्यकारी संचालक वॉल्टर बायर्स यांनी निवृत्तीनंतर १९९५ साली पुस्तक लिहिले. 'विद्यार्थी-खेळाडू' हा शब्द १९५० च्या दशकात मुद्दाम रूढ करण्यात आला, कारण खेळाडूला नोकर मानून नुकसानभरपाई देण्याची वेळ विद्यापीठांवर येईल अशी भीती होती, हे त्यात त्यांनी मान्य केले आहे. कोलोरॅडोतल्या एका लहान कॉलेजचा खेळाडू १९५५ मध्ये सामन्यात डोक्याला मार लागून मरण पावला. त्याच्या पत्नीने कामगार म्हणून भरपाई मागितली. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९५७ मध्ये ती नाकारली. तो नोकर नव्हता, असे ठरले.

त्याच १९५७ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने बिल रॅडोविच या खेळाडूच्या खटल्यात सांगितले की व्यावसायिक फुटबॉलला मक्तेदारीविरोधी कायदा लागू होतो. त्याचा फायदा ड्राफ्टच्या बाबतीत मिळायला वीस वर्षे गेली. जेम्स 'याझू' स्मिथ हा १९६८ चा पहिल्या फेरीतला खेळाडू. पहिल्याच हंगामात मानेला दुखापत होऊन त्याचा खेळ संपला. खुला बाजार असता तर मला कितीतरी चांगला करार मिळाला असता, असा त्याचा दावा होता. १९७८ मध्ये अपील न्यायालयाने मान्य केले की १९६८ चा ड्राफ्ट कायद्याला धरून नव्हता. पण तोवर १९७७ च्या सामूहिक करारात मालकांनी खेळाडूंच्या संघटनेकडून ड्राफ्टला मान्यता मिळवली होती. मालकांनी एकतर्फी लादलेली गोष्ट बेकायदा ठरू शकते. तीच संघटनेबरोबरच्या करारात बसवली की कायद्याचे संरक्षण मिळते. ही मेख लक्षात ठेवावी.

कुंपणाला पडलेली भगदाडे

पहिले भगदाड बास्केटबॉलमध्ये पडले. स्पेन्सर हेवूड हा मिसिसिपीच्या गरीब कुटुंबातला मुलगा. तो १९६८ चा ऑलिंपिक सुवर्णविजेता. दोन वर्षांत कॉलेज सोडून तो एबीए या प्रतिस्पर्धी लीगमध्ये गेला आणि तिथून एनबीएच्या सिएटल संघात. त्याच्या तुकडीची चार वर्षे झाली नव्हती म्हणून एनबीएने त्याला अडवले. १९७१ मध्ये प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि त्याला खेळू देण्याचा आदेश कायम झाला. एनबीएला नियम सैल करावा लागला.

फुटबॉलमध्ये असाच धक्का यूएसएफएल या नव्या लीगने दिला. जॉर्जिया विद्यापीठाच्या हर्शल वॉकरने १९८२ चा हाइझमन करंडक जिंकला आणि एक वर्ष शिल्लक असताना, फेब्रुवारी १९८३ मध्ये, न्यू जर्सी जनरल्सशी करार केला. १९८४ मध्ये बॉब बोरिस या खेळाडूने यूएसएफएलच्याच पात्रतेच्या नियमाला आव्हान दिले आणि तो नियम मक्तेदारीविरोधी कायद्याचा भंग ठरला. एनएफएलच्या वकिलांनी हा निकाल वाचला नसेल असे मानता येत नाही. १९८९ मध्ये ओक्लाहोमा स्टेटच्या बॅरी सँडर्सला अपवाद म्हणून प्रवेश मिळाला. त्याच्या कॉलेजवर एनसीएएची कारवाई झाली होती. पुढच्याच वर्षी एनएफएलने दार अधिकृतपणे किलकिले केले. शाळा सोडून तीन वर्षे झालेला कोणीही अर्ज करू शकेल, असे ठरले. १९९० मध्ये ३८ जणांनी अर्ज केले. पहिला निवडला गेलेला जेफ जॉर्ज त्यांच्यातलाच, आणि फ्लोरिडा विद्यापीठाचा एमिट स्मिथही. स्मिथने पुढे लीगमधले चेंडू घेऊन धावण्याचे विक्रम मोडले आणि १९९६ मध्ये कॉलेजात परतून पदवीही पूर्ण केली. लवकर जाणे म्हणजे शिक्षणाला कायमचा रामराम, हा युक्तिवाद त्याच्या बाबतीत तरी टिकला नाही.

मॉरिस क्लॅरेटचा खटला

मग तीनच वर्षे का? हा प्रश्न मॉरिस क्लॅरेटने न्यायालयात विचारला. ओहायो स्टेटच्या या मुलाने कॉलेजच्या पहिल्याच हंगामात संघाला राष्ट्रीय विजेतेपद मिळवून देण्यात मोठा वाटा उचलला. पुढच्या वर्षी नियमबाह्य लाभांच्या चौकशीतून त्याला निलंबित करण्यात आले. कॉलेजात खेळता येत नाही आणि व्यवसायात शिरता येत नाही, अशी कोंडी झाल्यावर त्याने एनएफएलवर दावा ठोकला. फेब्रुवारी २००४ मध्ये न्यायाधीश शिरा शाइंडलिन यांनी त्याच्या बाजूने निकाल दिला. त्या भरवशावर इतर मुलेही पुढे आली. दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या माइक विल्यम्सने कॉलेज सोडून एजंट नेमला.

मे महिन्यात अपील न्यायालयाने तो निकाल फिरवला. निकालपत्र लिहिणाऱ्या न्यायाधीश होत्या सोनिया सोटोमायोर, ज्या पुढे सर्वोच्च न्यायालयात गेल्या. त्यांचे म्हणणे असे की, कोणाला कधी घ्यायचे हा मालक आणि कामगार संघटना यांच्यातल्या वाटाघाटीचा विषय आहे; तिथे मक्तेदारीविरोधी कायदा आडवा आणता येणार नाही. कामगार कायद्याच्या दृष्टीने हा तर्क सुसंगत आहे. संघटना नव्या उमेदवारांवरही बंधन घालू शकते, हे तत्त्व इतर उद्योगांतही चालते. पण त्याचा परिणाम काय झाला ते पाहा. संघटनेचे सभासद म्हणजे आधीच संघात असलेले खेळाडू. नवा मुलगा आत आला की त्यांच्यातल्या कोणाची तरी जागा जाते. त्यांनी त्या मुलाच्या वतीने दिलेली संमती त्याला बांधील ठरली.

विल्यम्सने कॉलेजात परत घेण्याची विनंती केली. एनसीएएने ती फेटाळली. दोघांचेही २००४ चे वर्ष मैदानाबाहेर गेले. २००५ च्या ड्राफ्टमध्ये विल्यम्स दहावा गेला. क्लॅरेट तिसऱ्या फेरीत गेला आणि हंगाम सुरू होण्याआधीच संघाने त्याला सोडून दिले.

तिसऱ्या वर्षानंतरचा हिशेब

ज्यांची तीन वर्षे भरली आहेत त्यांच्यापुढचा हिशेबही सोपा नसतो. लीगची एक सल्लागार समिती असते. खेळाडूने विचारले तर ती त्याला तीनपैकी एक उत्तर देते : पहिल्या फेरीची शक्यता, दुसऱ्या फेरीची शक्यता, किंवा या दोन्ही नाहीत. तिसऱ्या उत्तराचा अर्थ 'परत जा' असा धरला जातो. फेऱ्या सातच असतात. अर्ज करून नाव पुकारले न जाणारेही दर वर्षी असतात, आणि मुदत उलटल्यावर परतीचा दोर सहसा कापलेला असतो.

थांबण्याचे फळ कोणाला मिळाले, हे आधी सांगता येत नाही. पेटन मॅनिंगने तीन वर्षांत पदवी मिळवली होती, तरी १९९७ मध्ये तो टेनेसीतच थांबला आणि १९९८ मध्ये पहिला निवडला गेला. अँड्र्यू लक २०११ मध्ये स्टॅनफर्डला थांबला आणि २०१२ मध्ये पहिलाच गेला. मॅट बार्कलीने तोच मार्ग धरला. २०१२ च्या हंगामात खांदा दुखावला आणि तो चौथ्या फेरीपर्यंत घसरला. तिघांचा विचार सारखाच शहाणपणाचा होता.

मार्कस लॅटिमोरची गोष्ट मात्र वेगळ्या रकान्यात लिहावी लागते. साउथ कॅरोलायनात २०१० मध्ये पहिल्या वर्षीच तो हजार यार्डांच्या वर धावला. त्या वेळी त्याला निर्णय घेण्याची मुभाच नव्हती. २०११ मध्ये एक गुडघा गेला, ऑक्टोबर २०१२ मध्ये दुसरा निखळला. २०१३ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या संघाने त्याला चौथ्या फेरीत घेतले. २०१४ मध्ये तो एकही सामना न खेळता निवृत्त झाला. चेंडू घेऊन धावणाऱ्याच्या शरीरात मोजकीच वर्षे असतात. त्यांतली तीन वर्षे कॉलेजला द्यायची, असा नियम त्याच्यासाठी इतरांनी केला होता.

निर्णयाची गणितेही अशीच बाहेरून बदलतात. २०१० मध्ये पहिला निवडलेल्या सॅम ब्रॅडफर्डला पाच कोटी डॉलरची हमी मिळाली. २०११ च्या नव्या सामूहिक करारात नवख्यांच्या पगाराला मर्यादा घातली गेली आणि त्याच वर्षी पहिल्या आलेल्या कॅम न्यूटनचा सगळा करार सुमारे २.२ कोटींचा झाला. वाचलेला पैसा जुन्या खेळाडूंकडे वळावा हा हेतू होता. तेव्हा नवख्याला मोठा पैसा हवा तर दुसऱ्या करारापर्यंत लवकर पोहोचायला हवे, म्हणजेच कॉलेज लवकर सोडायला हवे. अर्जांची संख्या वाढत गेली; २०१९ मध्ये ती शंभराच्या पुढे होती.

दुसरी वाट

मग अचानक ओघ आटला. २०२४ मध्ये मुदतीआधी निघालेल्यांची संख्या साठाच्या आत आली. मुलांना एकाएकी पदवीची ओढ लागली नव्हती. जून २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ऑल्स्टन खटल्यात एनसीएएच्या निर्बंधांविरुद्ध एकमताने निकाल दिला. १ जुलैपासून खेळाडूंना आपले नाव आणि छबी जाहिरातीसाठी विकण्याची मोकळीक मिळाली. जून २०२५ मध्ये मान्य झालेल्या तडजोडीने विद्यापीठांना थेट खेळाडूंना पैसे देण्याची परवानगी मिळाली. पहिल्या वर्षाची मर्यादा प्रत्येक विद्यापीठाला सुमारे २.०५ कोटी डॉलर. चौथ्या-पाचव्या फेरीत जाऊ शकणाऱ्या मुलाला आता कॉलेजात थांबूनही चांगली कमाई होऊ शकते.

कॉलेजात थांबावे, पदवी घ्यावी, असा उपदेश शंभर वर्षे चालला होता. त्याने जे साधले नाही ते मोबदल्याने तीन वर्षांत साधले. बर्वँगरकडे १९३६ मध्ये फुटबॉलबाहेरची नोकरी होती, म्हणून तो 'नाही' म्हणू शकला. मधली ऐंशीहून अधिक वर्षे कॉलेजच्या वाटेवर मोबदला नव्हता, म्हणून गरीब घरातल्या मुलाच्या 'निर्णयात' निवडण्यासारखे फार थोडे होते. दोन्ही वाटांवर जगण्याची सोय झाली तेव्हा कुठे या शब्दाला अर्थ आला, आणि ही सोयही न्यायालयाच्या दारातूनच आली.

एक गोष्ट अजून तशीच आहे. नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या फुटबॉलपटूंनी २०१४ मध्ये संघटना काढण्याचा प्रयत्न केला. कामगार मंडळाच्या स्थानिक अधिकाऱ्याने त्यांना कर्मचारी मानले. पण ऑगस्ट २०१५ मध्ये वरिष्ठ मंडळाने या प्रकरणात अधिकार वापरण्यास नकार दिला. आजही कॉलेजच्या फुटबॉलपटूंना सामूहिक वाटाघाटीचा हक्क असलेली संघटना नाही. तीन वर्षांचा नियम कायम आहे, आणि तो ज्यांना लागू होतो ती मुले आजही तो ठरवणाऱ्यांत नाहीत.